फ्रीसलँड: मुक्काम हिंडेलोपनला, भटकंती चहूकडे

ॲम्स्टरडॅमच्या आसपास राहणारी आमच्या ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबे नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा फ्रीसलँड प्रांत एका दिवसात उरकतात. सकाळी गाडीने अफ्स्लाउटडाइक हा समुद्र अडवणारा ३२ किलोमीटरचा बांध ओलांडायचा, प्रांताची राजधानी लेवार्डनमध्ये जेवायचे, एखाद्या कालव्याकाठी छायाचित्रे काढायची आणि रात्री घरी परतायचे. आम्हीही पूर्वी दोनदा असेच जाऊन आलो होतो. या जूनमध्ये सासूबाई आणि सासरे नाशिकहून आलेले असल्यामुळे धावपळ नको म्हणून चार रात्री तिथेच राहिलो, आणि हा प्रांत मुक्काम करूनच पाहावा असे माझे ठाम मत झाले.

राहण्याचे आधी सांगते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर सरोवराकाठच्या एका हॉलिडे पार्कमध्ये दोन रात्री काढल्या होत्या. बंगला स्वच्छ होता. पण आरक्षणाच्या शेवटच्या पानावर साफसफाई, चादरी-टॉवेल आणि पर्यटन कर असे एकेक आकार वाढत जाऊन भाडे कुठल्या कुठे गेले, शिवाय साध्या ब्रेडसाठीही गाडी काढावी लागे. म्हणून या वेळी आयसलमेर सरोवराच्या काठावरील हिंडेलोपन या जुन्या गावात एक ‘लिकहूस’ भाड्याने घेतले. या गावचे कप्तान नॉर्वे आणि बाल्टिकच्या सफरींवर गेले की त्यांची बायकामुले उन्हाळ्यापुरती मोठे घर सोडून मागच्या पाण्याकाठच्या या लहानशा घरात राहायला येत. खाली एक खोली, वर पोटमाळा आणि दाराबाहेर दोन पावलांवर कालवा, एवढाच त्याचा पसारा. सासू-सासऱ्यांची सोय खाली केली, कारण पोटमाळ्याचा जिना इतका उभा होता की उतरताना शिडीसारखे पाठमोरे उतरावे लागे. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर तळमजल्यावर झोपायची सोय आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. रेल्वे स्थानक गावाबाहेर आहे. चाकांच्या बॅगा असतील तर चालणे जमते.

गावाला १२२५ मध्ये नगराचे हक्क मिळाले. पण लाकडी पूल, अरुंद गल्ल्या आणि किंचित कललेला चर्चचा मनोरा पाहायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास आम्ही रोज संध्याकाळी नव्याने घालवला. इथल्या संग्रहालयात रंगीत वेलबुट्टीने भरलेले लाकडी सामान आहेच. पण सासूबाई खिळून राहिल्या त्या बायकांच्या जुन्या पोशाखापाशी. ‘वेंटके’ नावाचा तो लांब, पुढून उघडा अंगरखा कोरोमंडल किनाऱ्यावरून डच जहाजांनी आलेल्या छापील सुती कापडाचा असे. त्या कापडाला डच भाषेत ‘सिट्स’ म्हणतात हे मी सांगताच सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर आपले चीट! लहानपणी मला चिटाचेच परकर असायचे.” त्यांचे म्हणणे खरे आहे, तो डच शब्द आपल्याकडच्या याच शब्दावरून गेलेला आहे. ज्यांना कापडात रस आहे त्यांनी लेवार्डनचे फ्रीस म्युझियमही चुकवू नये.

सगळ्या प्रवासात पहिला क्रमांक मी फ्रानेकरच्या तारांगणाला देईन. लोकर विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या आयसे आयसिंगा यांनी १७७४ ते १७८१ या सात वर्षांत आपल्या राहत्या घराच्या बैठकीच्या खोलीत हे यंत्र उभारले. १७७४ च्या मे महिन्यात काही ग्रह आणि चंद्र एकत्र येऊन जगबुडी होणार, अशी आवई उठली होती. ग्रह प्रत्यक्षात कसे फिरतात हे लोकांना दिसावे, हा त्यांचा हेतू होता. निळ्या रंगाच्या लाकडी छतातल्या वर्तुळाकार खाचांतून लहान गोळे लोंबतात आणि खऱ्या ग्रहांच्या गतीने सरकतात. शनीला एक फेरी पूर्ण करायला २९ वर्षांहून अधिक काळ लागतो. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर, हे प्रमाण. वर माळ्यावर लाकडी चक्रे दिसतात आणि त्यांचे दाते म्हणजे हाताने घडवलेले खिळे आहेत, सुमारे दहा हजार. काम पूर्ण झाले त्याच वर्षी युरेनसचा शोध लागला, पण या प्रमाणात त्याची कक्षा त्या खोलीत मावणारी नव्हती. २०२३ मध्ये युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतली. खोली लहान आहे, त्यामुळे गर्दीत छताकडे शांतपणे पाहता येत नाही. सकाळी उघडताच जावे.

लेमरचे वाउदा पंपिंग स्टेशन ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांनीच पाहावे. सासऱ्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, त्यामुळे त्यांना तिथून हलवणे कठीण झाले. १९२० मध्ये सुरू झालेले हे वाफेवर चालणारे केंद्र पाणी फार चढले की आजही पेटवले जाते. हार्लिंगनहून बोटीने टर्सखेलिंग बेटावरही जाऊन आलो. साध्या बोटीला एका बाजूने सुमारे दोन तास लागत असल्याने १५९४ चे ब्रांडारिस दीपगृह आणि थोडा किनारा एवढेच पदरात पडले. बेटांसाठी वेगळी रात्र राखून ठेवावी.

खाण्याच्या बाबतीत फ्रीसलँडने आम्हाला सुखद धक्का दिला. इथल्या ‘नागलकास’ या चीजमध्ये लवंग आणि जिरे असतात. सासूबाईंनी ते पोळीत गुंडाळून दोन दिवस आवडीने खाल्ले. मात्र डच चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातले विरजण असते, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर दुकानात विचारूनच घ्यावे. साखरेचे खडे आणि दालचिनी घातलेला ‘साउकरब्रोड’ गरम असतानाच खावा.

परतताना आम्ही गाडीचा रस्ता सोडला. हिंडेलोपनहून रेल्वेने स्टाव्होरनला गेलो आणि तिथून सरोवरापलीकडच्या एंकहाउझनची उन्हाळी बोट पकडली. सासऱ्यांनी शेवटपर्यंत मागच्या डेकवरची खुर्ची सोडली नाही.