पुण्याहून दक्षिणेत गाडीने: डबा, हायवे, खानावळ की शेगडी?

हुबळी-धारवाडवरून बंगळुरू, म्हैसूर, जमलं तर पुढे केरळ असा आठ-दहा दिवसांचा बेत असेल, तर पेट्रोल आणि टोल काही कमी होत नाही. हात आखडता घ्यायचा तो मुक्कामात आणि खाण्यात. मग लोक वडापाव, बिस्किटं आणि चहावर दिवस काढतात आणि तिसऱ्या दिवशी पोट संप पुकारतं.

घरच्या डब्याइतकं स्वस्त काहीच नाही, पण त्याची मुदत दीड-दोन दिवसांची. पाण्याऐवजी दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या आणि मेथीचे ठेपले तेवढे टिकतात. बटाट्याची भाजी, भात, ओल्या खोबऱ्याची चटणी यांच्या वाटेला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीत ते दुपारपर्यंतच उतरतं. शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची कोरडी चटणी, मेतकूट आणि भडंग मात्र परतीपर्यंत साथ देतात. दही वाटेत घ्यावं. बाकरवडी घ्यायची तर घ्या, पण ते जेवण नव्हे. नुसती तहान वाढते.

गाडीत शेगडी घेऊन जायची कल्पना ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात भांडी, पाणी, आडोसा शोधण्यात दीड तास जातो आणि गॅसचा डबा तापलेल्या गाडीत ठेवणं धोक्याचं असतं. चौघांसाठी तरी मी हा पर्याय बादच करेन.

हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात आपण खरे पैसे मोजतो ते पार्किंग, स्वच्छतागृह आणि अवेळी मिळणाऱ्या जेवणाचे. रात्री उशीर झाला, बरोबर म्हातारी माणसं असली, की ते मोजावेतच. फक्त चौघांनी चार पनीरच्या भाज्या मागवू नयेत. डाळ, एक सुकी भाजी, रोट्या आणि भात एवढ्यात भागतं, आणि रस्सा पोटात घेऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसावं लागत नाही.

माझं मत खानावळीला. त्यासाठी हायवे सोडून चार-पाच किलोमीटर गावात शिरावं लागतं, एवढाच काय तो त्रास. कोल्हापूरकडे शाकाहारी माणसाची जरा पंचाईत होते, पण बेळगाव ओलांडलं की चित्र पालटतं. हुबळी-धारवाडच्या लिंगायत खानावळी शुद्ध शाकाहारी: ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, कडधान्याची उसळ, शेंगाची चटणी, दही आणि कच्च्या मेथीची पानं. डाळ, भाजी, भाकरी सगळं एकाच ताटात येतं आणि त्यात मैद्याला जागाच नसते. चव आपल्या ओळखीची, त्यामुळे नाकं मुरडणारी मुलंही जेवतात. अडचण वेळेची: दुपारी तीनच्या पुढे पोचलात तर भाकरी संपलेली असू शकते. म्हणून सकाळी पुण्याहून निघायलाच उशीर करणाऱ्या मंडळींनी त्या दिवशी डब्यावरच भिस्त ठेवावी.

पुढे कर्नाटकात सकाळचा नाश्ता बाहेरच करावा. बंगळुरूच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या उपाहारगृहात, खाल्लेली इडली वाफेवरची, गरम आणि खिशाला हलकी. दावणगेरेचा बेण्णे डोसा चुकवू नका, पण त्यावरचं लोणी पाहता तो गाडी चालवणाऱ्याने मुक्कामाच्या गावीच खावा, नाहीतर डोळे मिटायला लागतात. कर्नाटक सरकारची इंदिरा कॅन्टीन २०१७ मध्ये बंगळुरूत सुरू झाली तेव्हा नाश्ता ५ रुपयांना आणि जेवण १० रुपयांना ठेवलं होतं. ती कष्टकऱ्यांसाठी आहेत; सहलीला निघून तिथल्या रांगेत उभं राहणं मला प्रशस्त वाटत नाही.

एकूण पहिल्या दिवशी डबा, पुढे नाश्ता बाहेर, दुपारी खानावळ, रात्री भडंग-दही किंवा हलकं काही. हायवेचं हॉटेल अडीअडचणीला. परतीच्या डब्याचं काय? हुबळीच्या बाजारात कडक भाकरीची पाकिटं मिळतात. ती आठवडेच्या आठवडे टिकते. सोबत शेंगाची चटणी आणि दही असलं की पुण्यापर्यंतची सोय झाली.