डेबियन १० वरून १२ वर: क्यूटी-४ गेलं, ‘चि.’ची वेलांटी जागेवर आली

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर विंडोजऐवजी डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली. डेबियन १० चं एलटीएस, म्हणजे जुन्या आवृत्तीला मिळणाऱ्या दुरुस्त्यांची वाढीव मुदत, ३० जून २०२४ ला संपलं, तोवर मी तिथेच होते. मग पावसाळ्यात, लग्नांची गर्दी नसताना, आधी ११ आणि मग १२ टाकलं. मधली पायरी गाळता येत नाही.

या अपग्रेडमध्ये क्यूटी-४ गेलं. प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं, मेनू ज्यातून बनतात ते हे टूलकिट. २००५ साली आलेलं, शेवटची ४.८.७ आवृत्ती २०१५ ची, आणि त्याच वर्षाअखेर मूळ सपोर्ट बंद. डेबियनच्या स्वयंसेवकांनी तरीही २०१९ च्या डेबियन १० मध्ये ते ठेवलं होतं. मग त्यावर चालणाऱ्या एकेका पॅकेजवर, म्हणजे डेबियनच्या यादीतल्या प्रोग्रामवर, बग (तक्रारी) नोंदवले: क्यूटी-५ वर या, नाहीतर यादीतून निघा. २०२१ च्या डेबियन ११ मध्ये ते नाही. ज्याच्या चुका दुरुस्त करायला कोणी उरलेलं नाही ते काढलं, हे मला शंभर टक्के पटतं.

माझं पानांचं काम स्क्रायबस या पानं मांडण्याच्या प्रोग्रामवर चालतं. डेबियन १० मधलं १.४ क्यूटी-४ वरचं होतं आणि त्यात देवनागरी जुळतच नसे. पत्रिकेत वराच्या नावाआधी ‘चि.’ येणारच, आणि तिथेच वेलांटी च च्या पुढे जाऊन पडायची. ‘श्री’ तुटायची. म्हणून सगळं मॅटर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये टाइप करायचं, अक्षरांचे पाथ (नुसत्या रेषाकृती, ज्या पुन्हा टाइप करून बदलता येत नाहीत) करायचे, चित्र म्हणून स्क्रायबसमध्ये आणायचं. प्रूफ बघून कोणी मामांचं नाव बदललं की पुन्हा पहिल्यापासून. मशीनवरचे काका प्रूफ हातात घेतानाच विचारायचे, “ताई, वेलांट्या बघितल्या ना?”

हा दोष क्यूटी-४ चा नव्हता, हेही सांगायला हवं. अक्षरं मांडण्याची स्क्रायबसची स्वतःचीच पद्धत अपुरी होती. १.५ मध्ये त्यांनी हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि जोडाक्षरं नीट बसू लागली. पण माझ्या दुकानात ते आलं जुनं १.४ गेल्यावरच. आता डेबियन १२ मध्ये १.५.८ आहे. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना नाव बदलते आणि पीडीएफ काढते.

त्रास एकच झाला. बिलाचा प्रोग्राम भाच्यानं फार पूर्वी क्यूटी-४ मध्ये लिहून दिला होता. अपग्रेडनंतर दोन दिवस तो चालला, कारण क्यूटी-४ ची जुनी लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या फाइली) मशीनवर पडून होती. मग मी ऑटोरिमूव्ह, म्हणजे कोणाला न लागणारी पॅकेजेस काढणारी कमांड, चालवलं आणि यादी न वाचता ‘हो’ म्हटलं; लायब्ररी गेली आणि प्रोग्राम बंद पडला. प्रोग्राम पॅकेज म्हणून बसवलेला नव्हता, त्यामुळे ती लायब्ररी कोणाला लागते हे डेबियनला कळायला मार्गच नव्हता. भाचा रविवारी आला. प्रोग्राम क्यूटी-५ वर आणायला प्रोजेक्ट फाइलीत विजेट्सची एक ओळ घातली, कोडमध्ये ‘टू-अ‍ॅस्की’च्या जागी ‘टू-लॅटिन-वन’ केलं, आणि जेवणाच्या आत बिलं छापायला लागली. तुमच्याकडे असं घरी लिहिलेलं काही असेल, तर ते कोणत्या लायब्ररींवर उभं आहे हे आधी ‘एलडीडी’ या कमांडनं तपासा.

जुन्या पत्रिकांमधली अक्षरं मात्र पाथच राहिली आहेत. थोरल्याची पत्रिका माझ्याकडे झालेलं घर धाकट्याच्या लग्नाला ‘मागच्यासारखीच करा’ म्हणत येतं, तेव्हा सगळं मॅटर मी नव्यानं टाइप करते. पण एकदाच.