नकार कोणाला द्यायचा? आदिवासी मुलांसाठीच्या शालेय व्यसनप्रतिबंधाचे चार नमुने

दोनेक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका आश्रमशाळेत व्यसनमुक्तीचा तास बघायला मागच्या बाकावर बसलो होतो. शहरातून आलेल्या ताईंनी भिंतीवर काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र लावलं आणि शेजारी काचेच्या उंची बाटलीचं, त्यावर लाल फुली. पोरं बाटलीकडे कुतूहलानं बघत होती, कारण तसली बाटली त्यांच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, येतच नाही. तिथली दारू येते पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत. तास संपत आला तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, देवापुढं सांडतात ती पण वाईट का?" ताईंना उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं.

तेव्हापासून बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा हाताळला जातो ते वाचत गेलो. मूळनिवासी मुलांसाठी शाळेतून चालणारे आणि त्यांच्या संस्कृतीला सामावून घेणारे कार्यक्रम ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत बऱ्यापैकी तपासले गेले आहेत. आपल्याकडे एखादी संस्था किंवा मुख्याध्यापक असं काही सुरू करायचं ठरवत असतील, तर त्यांना निवड करता यावी म्हणून चार नमुने शेजारी शेजारी ठेवतो. चौघांची तोंडं चार दिशांना आहेत. "संस्कृती" हा शब्द सगळेच वापरतात, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

पहिला ऑस्ट्रेलियाचा, "स्ट्राँग अँड डेडली फ्युचर्स". नाव ऐकून दचकू नका. तिथल्या ॲबोरिजिनल बोलीत "डेडली" म्हणजे झकास, एक नंबर. सिडनी विद्यापीठाच्या माटिल्डा सेंटरनं गिलिंबा या मूळनिवासी मालकीच्या सर्जनशील संस्थेबरोबर तो घडवला. पायाला आधीचा "क्लायमेट स्कूल्स" हा कार्यक्रम होता: वर्गात संगणकावर चित्रकथा पाहायची, मग तिच्यावर गटात काम करायचं. सर्वसाधारण मुलांवरच्या चाचण्यांत त्यामुळे दारूविषयीची माहिती वाढली आणि पिण्याचं प्रमाणही घटलं होतं. पण त्या चित्रकथेत ॲबोरिजिनल मुलांना आपलं कोणी दिसत नव्हतं. म्हणून नवी कथा शाळांतल्या ॲबोरिजिनल आणि इतर अशा दोन्ही मुलांना बरोबर बसवून रचली.

इथंच या नमुन्याचं वेगळेपण आहे. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत ३.८ टक्के होते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्यांची मुलं मिश्र वर्गात बसतात. अशा वर्गातून पाच-सात मुलांना उठवून "चला, तुमचा व्यसनाचा तास" म्हणून वेगळ्या खोलीत नेलं, तर बाकीचा वर्ग काय समजेल? शिक्का तिथंच बसतो. गंमत अशी की दारूला अजिबात न शिवणाऱ्यांचं प्रमाण तिथं मूळनिवासींमध्ये इतरांपेक्षा जास्त आहे, तरी "ते पितात" हीच प्रतिमा घट्ट. म्हणून या कथेत व्यसनाच्या आधी येतं ते मुलांचं बळ: नातेवाईक, जमीन, आपली माणसं. तास मात्र सगळ्या वर्गाचा. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असेल आणि एकाच वर्गात गोंड, कुणबी, ढिवर अशी मुलं बसत असतील, तर बघावा तो हा नमुना. संगणकाचा अडसर मोठा वाटतो, पण चित्रकथा कागदावरही छापता येते. खरा खर्च कथा मुलांबरोबर बसून घडवण्याचा आहे. आपल्याकडच्या अंदाजपत्रकात नेमकं त्याच कामाला शून्य असतं.

दुसरा नमुना ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातला, "लिव्हिंग इन टू वर्ल्ड्स", म्हणजे दोन जगांत जगणं. याचं मूळ "कीपिन इट रिअल" या अमेरिकेत गाजलेल्या अभ्यासक्रमात आहे. नशा पुढं आली की काय करायचं याच्या चार युक्त्या तो शिकवतो: सरळ नाही म्हणा, कारण सांगा, टाळा, निघून जा. तो बहुसांस्कृतिक म्हणून नावाजला गेला होता. पण शहरातल्या अमेरिकन इंडियन मुलांवर त्याचा परिणाम तपासला तेव्हा हाती काही लागलं नाही. सगळ्यांसाठी म्हणून शिवलेला सदरा या मुलांच्या अंगाला बसेना.

मग ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी फिनिक्स इंडियन सेंटरबरोबर बसून तो उसवून परत शिवला. चार युक्त्या ठेवल्या. गोष्टी, बोलण्याची पद्धत, थोरांशी वागण्याची रीत बदलली. अडचण अशी होती की शहरात एकाच वर्गात कितीतरी जमातींची मुलं, त्यांतली काही मिश्र घरांतली. मग कोणाची संस्कृती घ्यायची? त्यांनी एका जमातीचे विधी न घेता सगळ्यांना समान असलेलं घेतलं: दोन जगांत पाय असण्याची ओढाताण. शंभराच्या आसपास मुलांच्या एका छोट्या अभ्यासात, जुना अभ्यासक्रम शिकलेल्यांपेक्षा नवा शिकलेल्यांमध्ये नशेचं प्रमाण कमी वाढलं. "कमी वाढलं" हे शब्द नीट वाचा. या वयात वापर वाढतोच, प्रश्न असतो किती वेगानं. कोणी तुम्हाला "ऐंशी टक्के मुलं व्यसनमुक्त" असं सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आश्रमशाळांना हा नमुना जवळचा वाटायला हवा. तिथली सगळी मुलं आदिवासी आहेत म्हणून संस्कृती एकच आहे असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात एका वसतिगृहात माडिया, गोंड, कोलाम, हलबा अशी पोरं असतात, घरची बोली वेगळी, देव वेगळे. त्यात "आदिवासी नृत्य" म्हणून एकच ठेका लावून दिला की झालं संस्कृतीचं काम, अशी आपली समजूत.

तिसरा नमुना मला सगळ्यांत शहाणा वाटतो. हवाईच्या मोठ्या बेटावरच्या ग्रामीण शाळांतला, "हो'ओउना पोनो". स्कॉट ओकामोटो या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासक्रम लिहायच्या आधी एक साधं काम केलं. मुलांना विचारलं: नशा पुढं कोणी केली, कुठं, काय म्हणून? उत्तरांत अनोळखी विक्रेता जवळपास नव्हताच. देणारे होते चुलत-मावस भाऊ, काका, शेजारी, एकाच गावात वाढलेले. बेटावरचं गाव छोटं, सगळी एकमेकांची, रोज भेटणारी. तिथं "सरळ नाही म्हणा" ही युक्ती सांगणं म्हणजे मुलाला नातं तोडायला सांगणं. त्यानं नकार दिला तर भाऊ बोलणं बंद करतो, आणि त्याच भावाच्या गाडीतून शाळेत जायचं असतं.

म्हणून तिथल्या छोट्या चित्रफितींतले प्रसंग मुलांनी सांगितलेल्या खऱ्या प्रसंगांवर उभे आहेत आणि नकाराच्या वाटाही तशाच: विषय बदलणं, तिथून हळूच सटकणं, नातं न दुखावता. परिणाम फार मोठा आलेला नाही. मोठ्या चाचणीत ई-सिगारेटसारख्या काही गोष्टींत थोडा, पण मोजता येण्याजोगा फरक दिसला. तरी मला हा पुढचा वाटतो, कारण यात संस्कृती म्हणजे मुखपृष्ठावरची नक्षी नाही. संस्कृती म्हणजे कोण कोणाला नाही म्हणू शकतं, हे.

आपल्या मुलांचं बघा. खर्रा देतो कोण? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून मामाच पुढं करतो, "घे रे, दात घट्ट राहतात" म्हणत. बैलगाडीवर मागं बसलेला नववीतला भाचा त्या मामाला "तंबाखूमुळे कर्करोग होतो" असं उत्तर देईल, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्या गाडीवर बसून यावं.

चौथा नमुना अमेरिकेच्या ईशान्य ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनचा, म्हणजे चेरोकी जमातीच्या स्वतःच्या शासनाचा. इथं संस्कृतीचे तास नाहीतच. विद्यार्थी मूळनिवासी आणि गोरे असे मिसळलेले, आणि दोन वेगळ्या गोष्टी करून पाहिल्या. एक, गावातल्या लोकांना संघटित करून अल्पवयीनांपर्यंत दारू पोचण्याचे रस्ते बंद करायचे: दुकानं, पार्ट्या, "पोरंच आहेत, पिऊ द्या" म्हणणारी वडीलधारी माणसं. दुसरी, शाळेतच दर सत्रात प्रत्येक मुलाशी एकट्यानं बसून छोटा, न रागावता केलेला संवाद. केली कोम्रो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही उपायांनी आपापल्या जागी मुलांचं पिणं कमी केलं. आकड्यांच्या वजनानं चौघांत हा नमुना सगळ्यांत भक्कम आहे, आणि त्यात ढोल नाही, पिसं नाहीत. चेरोकी नेशन स्वतः या कामात भागीदार होतं हेच त्यातलं सांस्कृतिक म्हणायचं.

याच्याशी मिळतंजुळतं काम गडचिरोलीत झालेलं आहे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात शासन, "सर्च" ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये "मुक्तिपथ" सुरू केलं, आणि गावसंघटनेतून दारू-तंबाखूची विक्री थांबवणं हा त्याचा कणा आहे. तुमच्या शाळेच्या फाटकासमोर पानठेला असेल तर आतल्या तासावर खर्च करण्याआधी तो ठेला हलवा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला कायद्यानं बंदी आहे, त्यासाठी अभ्यासक्रम लागत नाही.

म्हणजे चौथाच घ्यावा का? गावात विक्री उघड असेल तर हो, आधी तोच. पण मोहाची दारू घरात, आजीच्या चुलीवर होत असेल तर ठेला हलवून भागत नाही, आणि इथं त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न परत उभा राहतो. अमेरिकेतल्या अनेक जमातींत तंबाखू पवित्र आहे. प्रार्थनेला वाहतात, वडीलधाऱ्यांना भेट देतात. तिथले कार्यकर्ते मुलांना सांगतात की विधीतला तंबाखू वेगळा आणि दुकानातली सिगारेट वेगळी. पहिल्याचा मान राखायचा तर दुसरीपासून लांब राहायचं. ही फोड आपल्याकडे खर्ऱ्याला लगेच लागू पडते, कारण खर्रा सरळसरळ बाजारातला आहे, कोणत्याही पेनला, म्हणजे गोंडांच्या देवाला, तो चढत नाही. मोहाच्या बाबतीत ती अवघड आहे. देवापुढची धार आणि रोजची बाटली एकाच मडक्यातून येतात. ती रेघ कुठं ओढायची हे शहरातल्या ताईंनी ठरवू नये, गावच्या भूमकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, आणि बायकांनी ठरवावं, आणि शाळेनं ते वर्गात आणावं.

एक जुना अभ्यासही हाताशी ठेवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिंकी आणि सहकाऱ्यांच्या कामात अमेरिकेच्या पाच राज्यांतल्या मूळनिवासी प्राथमिक विद्यार्थ्यांना संस्कृतीशी जोडलेली जीवनकौशल्यं शिकवली आणि साडेतीन वर्षं मागोवा घेतला. दारू, गांजा, चघळायचा तंबाखू यांत फरक पडला, सिगारेटमध्ये नाही. त्याला समाजसहभागाची जोड दिली तरी जास्तीचा फायदा दिसला नाही. चेरोकींच्या अनुभवाशी हे जुळत नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. "समाजसहभाग" या शब्दाखाली एका ठिकाणी भित्तिपत्रकं आणि मेळावे असतात, दुसरीकडे दुकानदाराशी भांडण.

माझा कौल असा. मिश्र वर्ग असेल तर ऑस्ट्रेलियाची पद्धत. आश्रमशाळा असेल तर हवाईचा गाभा घ्या, आणि मुलं अनेक जमातींची असतील तिथं फिनिक्सचा सावधपणा त्याला जोडा. विक्री उघड असेल तर त्याआधी चेरोकींचा पहिला उपाय. अधीक्षक समजूतदार असतील तर दुसराही, कारण वसतिगृहात संध्याकाळी एकेकट्या मुलाशी बोलायला जागा आणि वेळ दोन्ही असतात. सहलीसारखा डोंगरात चालणारा न्यू मेक्सिकोतला "प्रोजेक्ट व्हेंचर"ही चांगला आहे, पण तो वर्षभर मनुष्यबळ मागतो. दोन शिक्षकांच्या शाळेला झेपणारा नाही.

कोणताही निवडा, पहिल्या आठवड्यात तास घेऊ नका. मुलांना कोरे कागद द्या, नाव लिहायचं नाही असं सांगा आणि तीनच प्रश्न विचारा: कोणी दिलं, कुठं दिलं, देताना काय म्हणालं. बोलीत लिहू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना चित्र काढू द्या. कागद गोळा करताना शिक्षकांनी बाहेर थांबावं, डबा मुलांनीच फिरवावा. त्या डब्यातून जे प्रसंग निघतील तो तुमचा अभ्यासक्रम.