पियानो नसलेल्या गावात ट्युबाचा सोलो: हार्टली, पर्सिकेटी की अर्नोल्ड?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात भजनी मंडळाची पेटी आहे, खंजिरी आहे, लग्नाच्या बँडमध्ये ट्युबाही आहे, खर्जात वाजणारं ते मोठं पितळी वाद्य. पियानो मात्र नाही. वरातीत वर्षानुवर्षं नुसता ठेका देणारा एखादा पोरगा ‘मला एकट्यानं काही वाजवायचंय’ म्हणत येतो, तेव्हा मी इथूनच सुरुवात करतो. व्हॉन विल्यम्स यांचा १९५४ चा कॉन्चेर्टो आणि हिंडेमिथ यांचा १९५५ चा सोनाटा ट्युबावाल्यांत प्रसिद्ध. पण एकाला ऑर्केस्ट्रा लागतो, दुसऱ्याला कसलेला पियानोवादक. आपल्या कामाच्या त्या साथीशिवायच्या रचना, ज्या इकडे फारशा कोणी ऐकलेल्याच नाहीत.

वॉल्टर हार्टली यांची १९६२ ची सुइट, म्हणजे छोट्या भागांची मालिका, मी सगळ्यात आधी हातात देतो. चार छोटे भाग: इंत्राडा, वाल्स, एअर, गॅलप. वरातीत पहिली मात्रा आपली आणि उरलेल्या साइड ड्रमच्या, ही वाटणी अंगात भिनलेली असते. वाल्स म्हणजे तीन मात्रांची चाल, आणि तिथे तिन्ही एकट्यालाच सांभाळायच्या. मधली हलकी ठेवली नाही तर चाल लंगडते. आमच्या एका पोराला हे जमायला तीन आठवडे लागले, आणि त्यानंतर त्याचा वरातीतला ठेकाही सुधारला. गॅलपला जीभ चपळ लागते, एअरला श्वास. एवढ्या थोड्या वेळात वाद्याच्या इतक्या बाजू दाखवणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

व्हिन्सेंट पर्सिकेटी यांची सेरेनेड क्रमांक १२ त्याच्या एक वर्ष आधीची, १९६१ ची. भाग सहा, तेही छोटेच. हार्टलीच्या चाली चटकन कानात बसतात. इथे सुरांची पट्टी लगेच सापडत नाही, म्हणून वाजवणाऱ्याला वाक्य कुठे चाललंय ते आधी मनात गाऊन ठेवावं लागतं. मला स्वतःला हीच जास्त आवडते. ट्युबा हळू आवाजातही किती बोलू शकतो, हे मला तिचा आरिएत्ता हा भाग वाजवताना उमगलं. पण पहिला सोलो म्हणून मी ती देणार नाही.

माल्कम अर्नोल्ड यांची १९६९ ची फँटसी या दोन्हींपेक्षा अवघड. अर्नोल्ड स्वतः लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवत, म्हणजे फुंकणाऱ्याचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. स्पर्धेसाठी एकच रचना हवी असेल, तर ही घ्या. पेंडेरेत्स्की यांचं १९८० चं काप्रिचिओ मात्र खर्जापासून तारेपर्यंत उड्या मारायला लावतं. ओठ पक्के होईपर्यंत थांबावं.

खर्चाचंही पाहा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पर्सिकेटी १९८७ मध्ये गेले, अर्नोल्ड २००६ मध्ये, हार्टली २०१६ मध्ये, म्हणजे तिघांचंही नोटेशन विकतच घ्यावं लागतं. फुकटात, हक्क कधीच संपलेल्या, जुन्या काळातल्या बाख यांच्या चेलो सुइट आहेत. पण चेलोच्या गजाला श्वास घ्यावा लागत नाही. पहिल्या सुइटचा सुरुवातीचा भाग, प्रेल्यूड, ट्युबावर घेतला की दम कुठे घ्यायचा हेच कळत नाही. त्याच सुइटमधला साराबांद हा भाग संथ आहे, तो घ्या.

हे नोटेशन बास क्लेफमध्ये (खालच्या सुरांसाठीची लिहिण्याची खूण; वरच्या सुरांसाठीची ती ट्रेबल), मूळ पट्टीत येतं. ई-फ्लॅट ट्युबावर ट्रेबल क्लेफ वाचायला शिकलेल्यांनी घाबरू नये. कागदावरचे स्वर ट्रेबल समजूनच वाचायचे आणि की सिग्नेचरमधून, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला लिहिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणांतून, तीन फ्लॅट वजा करायचे. मध्येच येणारे सुटे शार्प-फ्लॅट तेवढे एकेक करून तपासायचे. सूर जुळवायला पेटीवर काळी दोन धरून ठेवायला सांगा, व्हॉल्व्ह न दाबता वाजणारा आपला सूर तोच.

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वराती बंद असतात. त्या चार महिन्यांत हार्टली पूर्ण होते. पर्सिकेटी पुढच्या पावसाळ्यात घ्या, आणि ती शेवटच्या भागापासून, मार्चियापासून, सुरू करा. आपले ओठ मार्चला सरावलेले असतात.