२१ इंची जुना डबा टीव्ही: सोलापुरातील रोजच्या वापरातून केलेले परीक्षण

आमच्या घरातील २१ इंची रंगीत टीव्ही २००१ मध्ये घेतलेला आहे आणि तो आजही रोज संध्याकाळी चालतो. घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ आहे. खाली टॉवेलचे यंत्रमाग आणि वर राहण्याच्या खोल्या, अशी या भागातील नेहमीची मांडणी. संचावरील कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणारे गुणदोष एका कंपनीचे नसून त्या काळातील पिक्चर ट्यूबच्या जवळजवळ सर्वच संचांचे आहेत. असा संच ठेवावा की भंगारात द्यावा, या विचारात असलेल्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे: ट्यूब निरोगी असेल आणि जवळपास जाणता मेकॅनिक असेल, तर तो जरूर ठेवावा.

पहिला गुण आवाजाचा. खाली माग चालू असताना वरच्या खोलीत बातम्यांमधील शब्द न् शब्द कळणे ही आमच्या घरातली खरी परीक्षा आहे, आणि या परीक्षेत हा संच नव्या पातळ टीव्हीपेक्षा सरस ठरतो. याचे कारण साधे आहे. जुन्या पेटीत पोकळी मोठी असते आणि स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, थेट पाहणाऱ्याच्या तोंडासमोर बसवलेले असतात. पातळ टीव्हीत त्यांना जागाच नसल्याने ते बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि आवाज भिंतीवर आपटून येतो. माझ्या आईला कानाने थोडे कमी ऐकू येते. शेजारच्या नव्या टीव्हीसमोर ती "काय म्हणाला?" असे सारखे विचारते, घरच्या टीव्हीसमोर क्वचितच.

चित्राबद्दलही बोलले पाहिजे. ट्यूबचा पडदा स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे जमिनीवर कुठेही, अगदी कडेला भिंतीला टेकून बसले तरी रंग बदलत नाहीत. स्वस्त एलईडी संचात कडेने पाहिल्यास चेहरे फिके किंवा काळसर दिसू लागतात. अंधारातील दृश्यात काळा रंग काळाच राहतो. क्रिकेटमध्ये वेगाने जाणाऱ्या चेंडूमागे शेपूट दिसत नाही. रेखीवपणा मात्र कमी आहे, यात शंका नाही: आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले तेव्हापासून चालत आलेल्या ६२५ ओळींच्या पाल या चित्र-संकेत पद्धतीवर हा संच बांधलेला आहे आणि त्याहून अधिक बारकावा तो दाखवू शकत नाही.

याच पाल पद्धतीमुळे तो आजही उपयोगी आहे. अँटेनावरचे जुने प्रक्षेपण दूरदर्शनने बंद करत आणले असले, तरी ज्या सेट टॉप बॉक्सला मागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन छिद्रे आहेत, तो बॉक्स जुन्या टीव्हीला समजेल असाच सिग्नल देतो. पिवळी पिन चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. दूरदर्शनची फ्री डिश एकदा बसवली की महिन्याचा खर्च राहत नाही आणि सह्याद्री वाहिनी त्यावर मिळते; आमच्याकडे तीच व्यवस्था आहे. मोबाइलवरचे कार्यक्रम दाखवणारी काठी (स्टिक) लावायची असेल, तर एचडीएमआयमधून, म्हणजे काठीच्या नव्या पद्धतीच्या पिनेतून, एव्हीकडे, म्हणजे वरच्या तीन रंगीत पिनांकडे, जाणारा कन्व्हर्टर घ्यावा. त्याच्या उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला अगदी तसाच असतो आणि येथे त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आता सोलापूरची खास अडचण. मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू घरभर असतात आणि हा टीव्ही ते स्वतःकडे ओढून घेतो, कारण पडदा उजळण्यासाठी ट्यूबला सुमारे २५ हजार व्होल्ट दाब द्यावा लागतो आणि अशा दाबाजवळ धूळ आपोआप चिकटते. मेकॅनिकने मागचे झाकण काढले तेव्हा आत राखाडी गोधडी पांघरल्यासारखे दिसत होते. सर्वांत जाड थर ट्यूबच्या पाठीवर लाल वायर जिथे रबरी टोपीने बसवलेली असते तिथे होता; टोपीच्या कडेखाली तंतू आणि धूळ मिळून काळपट, किंचित तेलकट कडे तयार झाले होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की याच कड्यातून वीज झिरपते, चर्र असा आवाज येतो आणि एक उग्र वास सुटतो. मेकॅनिकने आधी ट्यूबमधील साठलेला दाब ट्यूबच्या अर्थच्या तारेत सोडला, मग मऊ ब्रशने सगळे झाडून टोपीखालची जागा पुसून कोरडी केली. हे काम घरी करू नये. प्लग काढून ठेवल्यानंतरही ट्यूबमध्ये जोराचा झटका बसण्याइतका दाब उरलेला असतो. माग असलेल्या घराने वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, ही सफाई जाणकाराकडून करून घ्यावी असे मला वाटते.

या संचाचे दीर्घायुष्य ज्यात आहे तो गुण म्हणजे तो सुटा सुटा दुरुस्त होतो. एकदा आमच्या पडद्यावर चित्र जाऊन मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उरली. मेकॅनिकने फोनवर पहिली सूचना दिली, "ताई, टीव्ही लगेच बंद करा, तेवढ्या रेघेवर पडदा भाजतो." चित्र उभ्या दिशेने पसरवणारी आयसी, म्हणजे चिप, गेली होती. ती बदलली, शेजारचे तडकलेले सोल्डर पुन्हा भरले आणि टीव्ही त्याच संध्याकाळी सुरू झाला. पातळ टीव्हीचे पॅनेल गेले की दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या फरकाची किंमत सांगायला नको. सुटे भाग आता बहुतेक मोडीत निघालेल्या संचांतूनच काढले जातात, त्यामुळे असा मेकॅनिक सापडला की त्याच्याशी संबंध टिकवावा.

दोषही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आजच्या वाहिन्या रुंद पडद्यासाठी असल्याने कडेचा मजकूर कापला जातो आणि क्रिकेटचा धावफलक अर्धाच दिसतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडून लेटरबॉक्स केले की पूर्ण चित्र येते, पण वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि अक्षरे बारीक होतात. वीज साधारण ७० ते १०० वॅट लागते, म्हणजे ३२ इंची एलईडीपेक्षा जास्त. वजन २० किलोच्या पुढे. दिवाळीची साफसफाई करताना दोघांशिवाय हलत नाही.

ट्यूबची प्रकृती ओळखणे अवघड नाही. सुरू केल्यावर चित्र यायला फार वेळ लागत असेल, उजेड वाढवला की चेहरे चंदेरी होऊन पसरत असतील, किंवा सुरुवातीला सगळे एकाच रंगाकडे झुकलेले दिसत असेल, तर ट्यूब थकली आहे आणि तिच्यावर खर्च करू नये. कोपऱ्यातला हिरवा-जांभळा डाग मात्र ट्यूबचा आजार असेलच असे नाही. जवळ ठेवलेल्या मोठ्या स्पीकरच्या चुंबकानेही तो पडतो. स्पीकर दूर करून टीव्ही अर्धा तास बंद ठेवावा आणि पुन्हा मेन बटणावरून सुरू करावा, कारण सुरू होताना "धम्" असा जो आवाज येतो तो डाग पुसणाऱ्या आतल्या कॉइलचा असतो आणि तिचे नियंत्रण करणारा भाग थंड झाल्याशिवाय ती पुरेसे काम करत नाही.

ट्यूब संपलीच, तर संच फोडणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नये. तांब्यासाठी ट्यूब फोडली जाते, तिच्या मागच्या काचेत शिसे असते आणि ते तुकडे गल्लीतच पडून राहतात. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे तो अखंड द्यावा, किंवा त्याआधी आपल्या मेकॅनिकला विचारावे. ट्यूब गेलेल्या संचातील ईएचटी ट्रान्सफॉर्मर (ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब देणारा भाग) आणि आयसी दुसऱ्या कोणाच्या घरातील टीव्ही चालू ठेवण्यासाठी त्याला हव्याच असतात.