सात महिने, पन्नासेक डिस्क: शाळेच्या प्रकल्पांसाठी एचडीवरून डीव्हीडी

आमच्या शाळेत प्रकल्प आजही डीव्हीडीवर जमा करतात. हसू नका. हॉलमध्ये जुना जाडजूड टीव्ही आहे, त्याला डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे, आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात आजवरचे प्रकल्प वर्षवार उभे रचलेले आहेत. एक वर्ष पेनड्राइव्हचा प्रयोग करून पाहिला. अर्धे पेनड्राइव्ह पालक परत घेऊन गेले, उरलेल्यांतून व्हायरस आले. डिस्कच बरी म्हणाले सगळे, आणि संगणक शिकवते म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

जुलैमध्ये नाशिकच्या एमजी रोडवरून यूएसबीला जोडायचा पातळ डीव्हीडी रायटर घेतला. मेनू आणि मांडणीसाठी डीव्हीडीस्टाइलर हा प्रोग्राम, व्हिडिओच्या फाइली आधी एकसारख्या करून घ्यायला हँडब्रेक. दोन्ही फुकट, म्हणजे ऑफिसात बिल मंजूर करून घ्यायची कटकट नाही. आता जानेवारी संपत आलाय. पन्नासेक डिस्क झाल्या, त्यातल्या डझनभर वाया गेल्या. त्या डझनातल्या रायटरने घालवलेल्या तीनच. बाकीच्या रायटरमध्ये घालायच्या आधीच बिघडलेल्या होत्या, फक्त ते मला हॉलमध्ये सगळ्यांसमोर कळलं.

पहिला दणका नववीच्या गोदावरीच्या फिल्मने दिला. ब्रह्मगिरीपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंतची नदी, मुलांनी पाच रविवार घालवून टिपलेली. काही भाग मोबाइलवर, काही एका पालकांच्या एचडी कॅमकॉर्डरवर. लॅपटॉपवर झकास दिसत होती. हॉलमध्ये लावली आणि रामकुंडाचा शॉट आला तसा मागून एकजण ओरडला, "बाई, पाणी थरथरू राहिलंय!" पाणीच नाही, दीपमाळ थरथरत होती, घाटावरून जाणारी बाई थरथरत होती. जे हलत नव्हतं ते मात्र स्वच्छ दिसत होतं.

कारण शोधायला दोन रात्री गेल्या. कॅमकॉर्डर इंटरलेस पद्धतीने चित्रण करतो, म्हणजे एक फ्रेम (एक पूर्ण चित्र) दोन अर्ध्या भागांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, येते: एका फील्डमध्ये विषम ओळी, दुसऱ्यात सम. एचडी कॅमकॉर्डरमध्ये वरचं फील्ड आधी असतं. टेपवरच्या जुन्या डीव्ही कॅमेऱ्यात खालचं आधी असायचं. माझ्या हातात जुन्या काळचं टिपण होतं, म्हणून एडिटिंगच्या प्रोग्राममध्ये मी खालचं आधी अशी खूण केली होती. झालं, प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, अर्धं मागे, एक पुढे. लॅपटॉपवर हे दिसलं नाही, कारण तिथला प्लेअर दोन्ही फील्ड मिसळून दाखवत होता. आता मी कॅमकॉर्डरच्या फाइलीतलं इंटरलेस हँडब्रेकमध्येच काढून टाकते आणि सेकंदाला २५ सरळ फ्रेम करून घेते. कबड्डीच्या सामन्यात हालचाल जरा कमी मऊ दिसते. शाळेच्या कामाला चालतं.

त्या दिवसापासून एक पुन्हा लिहिता येणारी डिस्क फक्त चाचणीसाठी ठेवली आहे. प्रत्येक प्रकल्पातले सर्वांत जास्त हालचालीचे अर्धा मिनिट आणि मेनू एवढंच तिच्यावर घ्यायचं, हॉलमध्ये जाऊन त्याच टीव्हीवर बघायचं, मग पुढे जायचं. डिस्क कळकट झाली आहे, पण तिच्याइतके पैसे कशाने वाचवले नाहीत.

मोबाइलची रड वेगळी. मोबाइल म्हणतो सेकंदाला ३० फ्रेम, पण उजेड कमी झाला, फोन तापला की तो मनानेच कमी-जास्त करतो. एका मुलीने आपल्या आजीची मुलाखत घेतली होती, अठरा मिनिटांची. सुरुवातीला सगळं जुळलेलं. शेवटाकडे आजीचे ओठ मिटल्यावर आवाज येत होता. मी आवाज मागे-पुढे सरकवत बसले, तर सुरुवात बिघडली. हँडब्रेकमध्ये फ्रेमचा वेग स्थिर ठेवायचा पर्याय असतो, त्यावर टिचकी मारून फाइल नव्याने काढली की प्रश्न संपतो. एवढंसं काम, पण ते एडिटिंगच्या आधी करायचं असतं. नंतर केलंत तर काही उपयोग नाही.

आता ३० चे २५ करायचे म्हणजे दर सेकंदाला पाच फ्रेम गाळायच्या. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवलेला असेल तर चित्र ठेचकाळतं. आपल्याकडे टीव्हीची पाल (PAL) पद्धत, ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून मी आधी डोळे झाकून पालच करत होते. नंतर पूर्ण मोबाइलवर केलेले दोन प्रकल्प मुद्दाम एनटीएससी या अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीत काढले. तिथे ४८० च ओळी, पण फ्रेम २९.९७, मोबाइलच्या अगदी जवळ. आमच्या हॉलमधला प्लेअर दोन्ही चालवतो. चित्र किंचित मऊ आलं, पण पांडवलेणीच्या पायऱ्या चढतानाचा कॅमेरा पाण्यासारखा सरकला. तुमच्या प्लेअरवर आधी तपासा, एवढंच.

"बाई, एचडी दिसत नाहीये," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! दिसणारच नाही. १९२० गुणिले १०८० चं चित्र ७२० गुणिले ५७६ मध्ये बसवलं की पाच ठिपक्यांतला एकच उरतो. डिस्कवर एचडीची फाइल तशीच कॉपी केली तर ती संगणकावर चालेल, पण हॉलमधल्या प्लेअरला व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि आत एमपीईजी-२ प्रकारचा व्हिडिओ लागतो. दोन गटांनी घरूनच अशी डिस्क करून आणली होती. प्लेअरने ती थोडा वेळ फिरवली आणि बाहेर काढली.

जागेचा हिशेब डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात शिकले. कार्यक्रम दोन तास दहा मिनिटांचा. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, ते हजाराच्या पटीत. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तिथे तीच डिस्क ४.३८ दिसते. ४.५ चा फोल्डर मावेना म्हणून मी संध्याकाळभर डिस्क बनवणाऱ्याला शिव्या दिल्या, त्या परत घेते. गणित साधं आहे: डिस्कवर सुमारे ३७,६०० मेगाबिट मावतात, त्याला सेकंदांनी भागायचं. ७,८०० सेकंदांसाठी सेकंदाला ४.८ मेगाबिट आले, त्यातून आवाजाचे वजा. मुलाखतीला एवढे पुरतात. लावणीला, वर दिवे आणि उडवलेल्या चमक्या असताना, पुरत नाहीत. पडदाभर चौकोनच चौकोन. शेवटी मध्यंतरापाशी कार्यक्रम तोडून दोन डिस्क केल्या आणि चित्राला ८ दिले. वरची मर्यादा ९.८ आहे, पण तिथपर्यंत ताणलं की आमचा प्लेअर मध्येच अडखळतो. आवाज बिनदाबाचा ठेवाल तर तोच दीड मेगाबिट खातो. एसी-३ या दाबलेल्या प्रकारात १९२ किलोबिट केला, कुणालाही फरक कळला नाही, संगीताच्या सरांनाही.

त्याच कार्यक्रमात गाण्याचा एक ठोका गायब व्हायचा. कॅमकॉर्डर लांब चित्रणाच्या मोठ्या फाइलीचे तुकडे करून कार्डवर ठेवतो. मी ते तुकडे हाताने ओळीत लावले होते आणि प्रत्येक सांध्याला आवाज क्षणभर तुटत होता. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या प्रोग्रामने कार्ड उतरवून घेतलं की तो तुकडे नीट जोडून देतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय: मेनूतलं देवनागरी. आधी मी दुसराच एक फुकट प्रोग्राम वापरत होते. त्याने 'विद्यार्थी'तली पहिली वेलांटी व च्या मागे टाकली आणि रफार भलत्याच अक्षरावर. मराठीच्या बाईंना दाखवायची हिंमत झाली नाही. मग मजकूर प्रोग्राममध्ये लिहिणंच सोडलं. स्लाइड बनवतो तसा पूर्ण मेनू १०२४ गुणिले ५७६ च्या चित्रात तयार करते, ते चित्र डीव्हीडीस्टाइलरला पार्श्वभूमी म्हणून देते आणि वर नुसती पारदर्शक बटणं ठेवते. अक्षरं वाचली. पण टीव्हीवर लावलं तर शीर्षकं लुकलुकत होती. तीही अक्षरं नव्हे, फक्त शिरोरेषा!

विचार केला तर उघड आहे. शिरोरेषा आडवी आणि बारीक. ती एकाच ओळीत बसली तर एकाच फील्डमध्ये येते, मग सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. इंग्रजी अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, म्हणून शिरोरेषेबद्दल इंग्रजी सूचनापत्रकांत काही सापडत नाही. मुक्ता फाँटचा जाड प्रकार घेतला, आकार वाढवला, रेघ किमान तीन-चार ठिपके जाड होईल असं पाहिलं आणि पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा रंग दिला. लुकलुक थांबली. चारी बाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडते, कारण जुना टीव्ही कडा गिळतो. पहिल्या मेनूत 'मार्गदर्शक' मधला 'मा' त्याने गिळला होता.

रायटरबद्दल. त्याने वाया घालवलेल्या तीनही डिस्क शेवटच्या काही मिनिटांत अडकल्या, आणि तिन्ही वेळा रायटर हबला, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीला, जोडलेला होता. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, पातळ रायटरला जोर लावताना त्याहून जास्त लागतात. आता दोन तोंडांची वायर थेट लॅपटॉपच्या दोन पोर्टांत घालते. लिहिण्याचा वेग आठपट आहे, मी चारपटच ठेवते. एक डिस्क पाव तास घेते. तेवढ्यात चहा होतो. आवाज मात्र मिक्सरसारखा, स्टाफरूममध्ये तक्रारी आल्या आहेत.

डिस्कवर कागदी गोल लेबल लावू नका. आमच्या शिपाई मामांनी हौसेने बारा डिस्कना लावली. महिन्याभरात एकाची कडा सुटली, डिस्क प्लेअरच्या आत फडफडली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसावं लागलं. सीडीवर लिहायचं मऊ टोकाचं पेन पुरे.

घ्यावा का? वर्षाला पाच-सहाच डिस्क करायच्या असतील तर कुणाचा तरी मागून आणा. शाळेसाठी घेणार असाल आणि टेबलावरच्या संगणकात जागा असेल, तर आत बसवायचा रायटर घ्या, विजेची भानगड उरत नाही. मी पातळ घेतला कारण दोन इमारतींत नेता येतो, आणि त्याबाबत तक्रार नाही. डीव्हीडीस्टाइलर दिसायला जुनाट आहे, पण सात महिन्यांत एकदाही अर्धवट काम टाकून बंद पडला नाही.

गेल्या आठवड्यात गोदावरीची फिल्म नव्याने काढून हॉलमध्ये लावली. ओरडणारा तोच मुलगा पुढच्या बाकावर होता. दीपमाळ आली, गेली. तो काहीच बोलला नाही, शेजारच्याला कोपराने ढोसून घाटावरची स्वतःची सायकल दाखवत होता.