इंजिन बदललं, टर्बो ओढेना: आधी स्कॅनर की हातपंप?

सेकंडहँड डिझेल इंजिन बसवलं, स्टार्टिंग चांगलं, आयडलिंगही बरोबर. पण दोन हजार आरपीएमच्या आसपास जो जोर यायला हवा तो येतच नाही. मग दोष शोधायला आधी काय घ्यावं: गाडीचे एरर कोड आणि सेन्सरचे आकडे वाचणारा स्कॅनर, की हाताने व्हॅक्यूम ओढणारा, गेज असलेला हातपंप? इथे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी टर्बोबद्दलच बोलतोय, म्हणजे ज्यात एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पात्या (व्हेन) असतात. प्रेशरवर उघडणाऱ्या वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेची) नळी निसटली तर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, उलट वाढतो, त्यामुळे तिथे तपासणीची दिशाच वेगळी.

स्कॅनरची एक गोष्ट मान्यच करावी लागते. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की मॅप सेन्सरने (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरने) बाहेरचा हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास. आकडा भलताच असेल तर सेन्सर बिघडलेला तरी आहे, नाहीतर वेगळ्या रेंजचा बसलाय. लोडवर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बूस्टच कमी मागत असेल तर गाडी बहुधा लिंप मोडमध्ये आहे, म्हणजे बिघाड दिसल्यामुळे ईसीयूने मुद्दाम ताकद कमी केली आहे. मग पाइप चाचपण्यात अर्थ नाही. ईसीयू किंवा वायरिंगही बदललं असेल तर सुरुवात स्कॅनरनेच करावी.

एरवी मात्र स्कॅनर पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड दाखवून थांबतो. बूस्ट कमी आहे, हे गाडी चालवणाऱ्याला आधीच कळलेलं असतं. होज फुटली, सोलेनॉइडच्या (टर्बोकडे जाणारा व्हॅक्यूम कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) नळ्या उलट लागल्या, ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला, व्हेन काजळीने जाम झाल्या. कोड बहुधा तोच. खरा वैताग पुढेच आहे. बूस्ट लोडवरच कळतो. म्हणजे एक क्लॅम्प आवळला तरी गाडी रस्त्यावर काढा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि शेजारी आकडे बघायला दुसरा माणूस बसवा. दिवसाच्या ट्रॅफिकमध्ये हे जमतच नाही. माझं पारडं हातपंपाकडे झुकलं ते यामुळेच.

हातपंपाला बॉनेट उघडं आणि इंजिन बंद, एवढं पुरतं. नळी काढून पंप थेट ॲक्च्युएटरच्या (व्हॅक्यूमने रॉड ओढून व्हेन हलवणाऱ्या डबीच्या) नोजलला लावा आणि हळूहळू ओढा. रॉड न अडखळता सरकायला हवा आणि ५०० मिमी पाऱ्याच्या आसपास बहुतेक ॲक्च्युएटर पूर्ण ओढले जातात. काटा मिनिटभर तिथेच राहिला तर आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, शाबूत. काटा उतरला तर डायफ्रॅम फाटलाय. काटा स्थिर पण रॉड हलेना, तर व्हेन जाम आहेत. मग पंपाचं गेज व्हॅक्यूम पंपाकडून येणाऱ्या नळीला लावून इंजिन आयडलला ठेवा: ६५० मिमीच्या वर हवं. दोन्ही ठीक असतील तर संशय सोलेनॉइडवर. त्याच्या तीन नोजलपैकी एक सप्लायचं, एक ॲक्च्युएटरचं आणि एक फिल्टरमधून हवा घेणारं. इंजिन उतरवताना नळ्यांवर खूण केलेली नसली की अदलाबदल इथेच होते, त्यामुळे मी तरी आधी इथेच बघेन.

व्हॅक्यूमची बाजू चोख निघाली तरच इंटरकूलर लाइनकडे (टर्बोमधून निघालेली हवा थंड करून इंजिनात नेणाऱ्या पाइपांकडे) वळावं. टर्बोच्या इनलेटला प्लग लावून रेग्युलेटरने १ बारपर्यंतच हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. ब्रीदरची (क्रँककेसमधली वाफ इनलेटमध्ये सोडणारी) नळी आधी काढून तिचं इनलेटकडचं तोंड बंद करायला विसरू नका, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उडतील. उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे जाणारी हवा हा लीक नव्हे. क्रँक थोडा फिरवला की तो आवाज बदलतो.

टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला जुना गॅस्केट पुन्हा वापरला असेल तर तिथे काजळीचा पट्टा दिसतो आणि थंड इंजिनला टिकटिक ऐकू येते. हा लीक या चाचणीत बहुधा सापडणार नाही. तो डोळ्यांनी आणि कानांनीच शोधावा लागतो.